लावलेलं पाणी

आम्ही दोघांनी मिळून केलेलं शेवटचं साधं काम म्हणजे एक दगड घासला. संध्याकाळचे पाच वाजले असतील. लाईट गेली होती. हल्ली माझं चाक मोटारीवर चालतं, त्यामुळे लाईट गेली की मी हात झटकून उठतो. त्या दिवशीही उठायला लागलो, तेवढ्यात द्वारका आतून पदराला हात पुशीत आली आणि मुठीतला तुकडा माझ्यापुढं पाटावर ठेवला. तांदळाचा डबा उन्हात द्यायला रिकामा केला होता तिनं, त्याच्या तळाला तो नेहमीसारखा पडलेला. अंगठ्याएवढा. पाठ खडबडीत, फुटल्या जागी काचेसारखा, आतून लाल. "हा घासा," म्हणाली. "पन्नास वर्षं डब्यात बसून खाल्लंन नुसतं." मी म्हटलं, "लाईट नाय." तर म्हणे, "लाईट नाय तर मी हाय ना. काढा तुमच्या बाबांचं चाक."

बाबांचं चाक मी टाकलं नव्हतं, जिन्याखाली होतं. लाख आणि कुरुंदाची पूड कालवून थापलेलं ताटाएवढं चाक, दोन खुंट्यांत बसवलेलं, आणि त्याच्या दांड्याला एक वेढा मारलेला कातडी पट्टा. समोर बसून दोन्ही हातांनी पट्टा ओढायचा, ताक घुसळतात तसा, एकदा उजवा हात, एकदा डावा. चाक एकदा इकडं फिरतं, एकदा तिकडं. दुसऱ्यानं काडीच्या टोकाला लाखेनं चिकटवलेला दगड त्यावर धरायचा. एकट्या माणसाचं हे काम नाही. ओढणाऱ्याचा हात आणि धरणाऱ्याचा हात जुळला नाही तर दगड उडतो. आमच्या घरात बाबा धरायचे, आई ओढायची. त्यांच्यामागं मी धरायचो आणि द्वारका ओढायची, मोटर येईपर्यंत. मधे वीसेक वर्षं गेली, पण हात काही विसरले नव्हते. ती ओढत होती, मी धरत होतो, वाटीतलं पाणी मधून मधून चाकावर टाकत होतो. तो तुकडा मी कधीच घासायला घेतला नव्हता, आणि का ते तिलाही ठाऊक होतं, म्हणून मी जपून, भीत भीत धरत होतो. एकदम ती म्हणाली, "दाब ना रे!"

लग्नाच्या हळदीनंतर तिनं मला कधी 'रे' म्हटलं नव्हतं. मी मान वर करून बघितलं. तिच्या लक्षातही आलं नव्हतं.

दुपारीच माझ्या थोरल्या बहिणीचा, आक्काचा, फोन येऊन गेला होता. आक्का हमरापूरला दिलेली, गणपतीच्या कारखानदारांत. ऐंशीच्या पुढं गेली तरी जीभ तशीच आहे. ती द्वारकेला 'फोडकी' म्हणते. फोडकी म्हणजे हात लावील ते फोडणारी. फोनवर पहिला शब्द तोच, "काय गो फोडके, आज काय फोडलंस?" द्वारका हसायची. त्या दिवशीही हसली. मग पट्टा ओढता ओढता मला म्हणाली, "काय, झाली का सवड?" मी म्हटलं, "उद्या बोलतो आक्काशी. फोन करूनच सांगतो." ती म्हणाली, "बघा हां." एवढंच. अंधार पडायला लागला, तुकडा अर्धाच झाला होता. मी तो काडीसकट पाण्याच्या वाटीत ठेवला. तिनं सुकटीचं कालवण आणि भाकरी केली. जेवलो. ती सकाळी उठली नाही.

दोन-तीन दिवस छातीत भरल्यासारखं होतंय म्हणत होती, मी ओवा खा म्हटलं होतं. पट्टा ओढायला लावला म्हणून गेली का, असं मी डॉक्टरला विचारलं. तो नाही म्हणाला. मला ते पटलं नाही, आणि पटेल असं वाटतही नाही. ते असो. ती 'सवड' काय आणि 'फोडकी' काय, ते सांगायला मी वही घेतली आहे. चौथी शिकलेला माणूस, शुद्धलेखनाचं मला सांगू नका.

आम्ही विहिरी फोडणारे. पेणच्या आसपासच्या गावांतल्या कितीतरी विहिरी आमच्या आजोबांनी आणि बाबांनी फोडल्या. लोक म्हणतात विहीर खणली, पण आमच्याकडं चार हातांवर काळा कातळ लागतो, तो खणत नाहीत, फोडतात. पहारेनं भोक पाडायचं, त्यात सुरुंग भरायचा, वात लावून वर पळायचं. त्या काळ्या दगडाच्या पोटात पोकळ्या असतात. एखादीत नुसती माती, एखादीत पांढऱ्या सुया उभ्या राहिलेल्या, एखादीत साखरेसारखे खडे, आणि नशीब असेल तर अकीकाचा गोटा. वरून बटाट्यासारखा मळका, कापला की आत रेघांवर रेघा. गावचे लोक ते गोटे मातीबरोबर फेकून द्यायचे. आजोबांनी पहिल्यांदा एक गोटा रोह्याला नेऊन, ज्याला आम्ही पुढं माल द्यायचो त्या कादिरचाचाच्या वडिलांना दाखवला. ती मंडळी पिढ्यान्‌पिढ्या व्यापारातली, त्यांच्यात अंगठीत अकीक घालतात. त्यांच्या पडवीत गुजरातेतला एक म्हातारा कारागीर उतरलेला असायचा, त्याच्यासमोर आजोबा दोन पावसाळे बसले आणि घासणं शिकून आले. तेव्हापासून आमच्या घरात उन्हाळ्यात विहीर आणि पावसाळ्यात चाक.

दगडाचंही माहेर असतं, असं बाबा म्हणायचे. गोटा मिळाला की आधी विचारायचं, याचं माहेर कुठलं. चिंध्यांत बांधून ठेवायचे, ज्या गावचा त्या गावची गाठ वेगळी. ते गोट्याला जीभ लावून बघायचे. चाटला की ओला होतो, ओला झाला की रंग दिसतो, आणि त्यांना चवीनंही कळायचं. खाडीकडचा खारट, डोंगराकडचा मातकट. आई म्हणायची, "दगड चाटून पोट भरत असेल तर भाकरी कमी थापते." पण दगड ओला करून कुणी भाळला तर बाबा हसायचे. त्यांचं एक बोलणं होतं, "पाणी लावणं वेगळं आणि पाणी चढवणं वेगळं." ओला दगड घासलेल्या दगडासारखाच चमकतो, वाळला की परत मळका. घासून घासून जी चमक येते तिला आम्ही पाणी चढलं म्हणतो, ते वाळत नाही. गिऱ्हाईक फसवणारे दगडाला तेल-पाणी लावून विकतात. आमच्याकडं गिऱ्हाइकाला दगड कोरडाच दाखवायचा.

घर आमचं पेणच्या बाहेरच्या अंगाला, कौलारू, पुढं शेणानं सारवलेलं अंगण, बाजूला सपाट छपराची एक खोली, त्या छपराला आम्ही गच्ची म्हणायचो. सकाळी भाकरी थापल्याचा आवाज आणि चाकाची घरघर एकदम चालायची. बाबा जवळच्या गावात कामाला असले की दुपारी सुरुंगाचे आवाज घरापर्यंत यायचे. किती सुरुंग भरणार ते बाबा सकाळी आईला सांगून जायचे. चार म्हणाले असतील तर आई दुपारी पीठ मळून परातीपुढं बसून राहायची, चौथा आवाज आला की मगच पहिली भाकरी तव्यावर टाकायची. आम्ही भुकेनं कावलेलो असायचो, आक्का ओरडायची, "आये, झाले की तीन!" आई म्हणायची, "चौथा वाजू दे, माणूस घरी यायचाय." एकदा चौथा आवाज आलाच नाही. आई बसून राहिली, पीठ वाळलं. न फुटलेला सुरुंग बघायला बाबा खाली उतरले आणि तो उशिरा फुटला. जीव वाचला, उजवा डोळा गेला. डावा होता, पण त्याच्यावरही हळूहळू सायीसारखं काही धरायला लागलं. विहिरीचं काम सुटलं. चाक राहिलं, तेही बोटांवर.

मी तेव्हा एकोणीसचा. भट्टी लावायचं काम बाबांनी माझ्यावर टाकलं. भट्टी म्हणजे मोठं काही नाही. आमच्याकडं थंडीत पोपटी लावतात तशीच. वालाच्या शेंगा मडक्यात भरून मडकं उलटं घालतात, भोवती पेंढा-काटक्या पेटवतात. दगडाचं मडकं सुलटं ठेवायचं, आत राख आणि राखेत गोटे, तोंड मातीनं लिंपायचं, भोवती शेण्या रचायच्या आणि धगीवर रात्रभर ठेवायचं. मळका पिवळट अकीक असा भाजला की लाल होतो. पण त्याआधी गोटे दोन महिने उन्हात वाळवावे लागतात. पोपटी शिजली का बघायला मडक्यावर पाणी शिंपडतात, चर्र वाजलं की झाली. दगडाच्या मडक्याजवळ बाबा पाण्याचा तांब्याही येऊ द्यायचे नाहीत. अकीक पाणी पितो, त्याच्या पोटात ओल राहिली की आतल्या आत वाफ धरते.

त्या वर्षी गच्चीवर एक गोटा वाळत होता, नारळाएवढा. गागोद्याच्या विहिरीतला. बाबांचे दोन्ही डोळे धड होते तेव्हाचा. एवढा मोठा त्यांना पुन्हा कधी मिळाला नाही. कादिरचाचा चार वेळा मागून गेला होता, बाबांनी दिला नाही. त्याच्या एका बाजूला त्यांनी घासून रुपयाएवढी खिडकी काढली होती, तेवढ्यातून आतल्या रेघा दिसायच्या, डोंगरावरच्या शेताच्या बांधांसारख्या. "हा लाल झालेला मला बघायचाय," म्हणायचे. "मग मी विकीन, नायतर उशाला घेऊन मरीन." पण भट्टीला लावायचा त्यांना धीर होत नव्हता, दर वर्षी पुढच्या वर्षावर जायचं. शेवटी डावा डोळा कापायचं ठरलं, मुंबईच्या इस्पितळात. डॉक्टरनं सांगितलं, बरा होईल किंवा आहे तेवढंही जाईल. जायच्या आधी चार दिवस बाबा मला म्हणाले, "परवा मडकं लाव. गागोद्याचा गोटा पण घाल. आहे तेवढ्या डोळ्यानं बघून जातो."

शिमगा होऊन गेला की कासूहून एक बाई पहिलं मीठ घेऊन यायची. मिठागरावर काम करणारं घर. आई तिला मिठाच्या बदल्यात तांदूळ द्यायची, आणि ती चार दिवस राहून आमच्याकडं पोह्याचे पापड लाटून द्यायची, जाताना तिच्या वाट्याचे घेऊन जायची. त्या वर्षी तिनं मुलीला बरोबर आणलं. द्वारका. सतरा-अठराची, उन्हानं काळी, पायाला मिठाच्या चिरा पडलेल्या, आणि बोलायला अशी की आक्काला जोड मिळाली. आक्का तेव्हा माहेरपणाला आलेली होती. पापड वाळायला गच्चीवर, गोटेही गच्चीवर. मी गोटे फिरवत होतो. द्वारका पापडांचं सूप घेऊन वर आली आणि त्या मोठ्या गोट्याकडं बघत राहिली.

"हा काय?"

"अकीक. बाबांचा."

"ह्याच्यासाठी डोळा कापायचा थांबलाय? आमच्या बांधावर असल्यांची रोज ठेच लागते. शिवी देऊन फेकून देतो."

मला ते लागलं. "याचं माहेर गागोदं हाय. तुमच्या बांधावर नाय मिळत असला."

"माहेर! दगडाला!" ती इतकी हसली की सुपातले दोन पापड खाली पडले. "मग सासर कुठं दिलंय?"

कोपऱ्यात पाण्यानं भरलेली बादली होती, आईनं पापडाचे हात धुवायला ठेवलेली. मी गोटा उचलला आणि बादलीत बुडवला. काढून तिच्यापुढं धरला. खिडकीत पाणी भरलं, आणि आतल्या रेघा अशा वर आल्या की ती हसायची थांबली. पिवळी, पांढरी, परत पिवळी, मधोमध एक निळसर. तिनं हात पुढं केला. बोटांना पोह्याचं पीठ लागलेलं, म्हणून मागं घेतला. खूप वेळ बघत राहिली. मी सांगतो ते खोटं वाटेल, पण एवढ्या वर्षांत तिला मी कितीतरी गोष्टी दाखवल्या, तसं तिनं पुन्हा कशाकडं बघितलं नाही. मला वाटतं मी तिला जिंकलं ते त्या वेळेला, आणि लबाडी करून जिंकलं. पाणी लावून.

मग तीच पहिल्यांदा भानावर आली. "पूस रे. भट्टी कधी हाय?"

"उद्या."

"उद्या नाय लावायची आता. मिठाच्या राशीला पाणी लागलं की आम्ही आठ दिवस मागं जातो. आठ दिवस ऊन खाऊ दे."

"मीठ नाय हा. दगड हाय."

"दगडाला मी पाणी पिताना बघितलंय आता. बाबांना सांग."

मी गोटा पंच्यानं पुसला. वरून कोरडा झाला. मी म्हटलं, "बघ. कोरडा." ती पडलेले पापड वेचायला लागली. बाबांना मी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर ते आठ दिवस थांबले असते, किंवा डोळा कापून आल्यावर बघू म्हणाले असते, आणि मला वाटलं मला मारतील. तसं बाबांनी मला कधी बोटही लावलं नव्हतं. पण एकोणीसच्या वयात माणूस मारापेक्षा मान खाली घालायला भितो. एवढंच कारण. याहून मोठं काही कारण मला पन्नास वर्षांत सापडलेलं नाही.

दुसऱ्या दिवशी दिवस मावळायला मी मडकं लावलं. बाबा शेजारी उकिडवे बसले, कान मडक्याकडं. अंगणात पापडाचा घमघमाट, आत बायका हसत होत्या, वालाचं बिरडं शिजत होतं. धग चढली. मग मडक्याच्या पोटात आवाज झाला. मोठा नाही. कुणी बंद खोलीत नारळ फोडावा तसा. आणि त्याच्यामागं एक बारीक, टिचल्याचा. आई दारात आली. बाबांनी माझ्याकडं बघितलं नाही, त्यांना तसंही फारसं दिसत नव्हतं. म्हणाले, "आता उघडू नको. बाकीचे तरी होऊ देत." आणि तिथंच बसून राहिले.

सकाळी मी मडकं उघडलं. लहान गोटे सगळे लाल झालेले, एकही बिघडला नव्हता. मोठ्याचे सात-आठ तुकडे. बाबांनी एकेक तुकडा हातात घेतला, फुटल्या कडेवर अंगठा फिरवला. त्या अंगठ्याला सगळं कळायचं. "ओल होती," म्हणाले. "दोन महिने वाळलेला गोटा असा नाय फुटत. कुणी पाणी लावलं?"

अंगणात सगळे होते. आई, आक्का, कासूची बाई. मी बाबांच्या पुढं हातभर अंतरावर उभा. तोंड उघडलं मी. शपथेवर सांगतो, उघडलं होतं. शब्द आला नाही.

"मी लावलं," द्वारका म्हणाली. ती पोळपाटापाशी बसली होती, हातात लाटणं. "मला आतलं बघायचं होतं. बादलीत बुडवला."

तिची आई उठून तिला मारायला धावली. बाबांनी हात वर करून थांबवलं. आक्का म्हणाली, "फोडलंस गो फोडके, माझ्या बापाचं सोनं फोडलंस!" तो शब्द तेव्हा पहिल्यांदा निघाला.

"नाव काय गो तुझं?" बाबांनी विचारलं.

"द्वारका."

"घाबरली नायस?"

"घाबरले. पण विचारलंत."

बाबांनी तुकड्यांतला एक उचलला, जीभ लावली, आणि उन्हाकडं धरून डाव्या डोळ्याच्या अगदी पापणीपाशी नेला. "झालाय," म्हणाले. "बघा, लाल झालाय. झालाय तसाच." आणि तो तुकडा द्वारकेच्या हातावर ठेवला. "घे. खरं बोललीस म्हणून. असं बोलायला काळीज लागतं."

दुसऱ्या दिवशी त्यांना मुंबईला नेलं. डोळ्यात उजेड तेवढा राहिला. दिवस-रात्र कळायची, दारात माणूस उभा आहे हे कळायचं. रंग गेला. म्हणजे त्यांनी बघितलेला शेवटचा लाल तो. हे लिहिताना मी थांबलो.

मायलेकी निघाल्या तेव्हा मी तांदळाचं गाठोडं घेऊन त्यांना एस.टी.पर्यंत पोचवायला गेलो. तिची आई पुढं चालत होती, अजून पुटपुटत. मी हळूच विचारलं, "का बोललीस?"

"मी लोकाची पोर. मला काय करतील? फार तर पुढल्या वर्षी पापडाला बोलवणार नाय. तुला मात्र परत मडकं लावू दिलं नसतं." थोडं चालून म्हणाली, "तू सांग त्यांना. आता नको, डोळ्याचं होऊन जाऊ दे. सवडीनं सांग."

पापडाला बोलवणार नाय म्हणाली, आणि वर्षाच्या आत बाबांनी तिला मागणीच घातली. आईच्या मनात दुसरी मुलगी होती. बाबा म्हणाले, "मला आता दिसत नाय. घरात एक माणूस असं पायजे की जे मला खरं सांगेल." असं म्हणून त्यांनी तिला सून करून आणली. हे माझ्या कानांनी मी ऐकलं आहे. आता सांगा, मी काय सांगणार होतो? मी खरं सांगितलं असतं तर ती खोटी ठरली असती, आणि ती खोटी ठरली असती तर बाबांचा आधार गेला असता. असं मी तेव्हा मनाला समजावलं. आज म्हणतो, ही पण पंच्यानं पुसलेली गोष्ट. वरून कोरडी.

बाबा त्यानंतर अकरा वर्षं जगले. चाकावरून दगड काढला की मला नाही, तिला विचारायचे, "द्वारके, पाणी चढलंय का? खरं सांग." ती कोरडा पुसून, उन्हात तिरपा धरून सांगायची, "नाय बाबा, डावीकडं अजून आंधळा हाय." मग परत चाकावर. रोह्याला कादिरचाचा म्हणायचा, "तुमच्या घरचा माल आता पहिल्यापेक्षा साफ येतो." तिचा डोळा होता तो. पण वाळत घातलेल्या गोट्यांना तिनं हात लावायचा नाही, असा आईनं नियम केला होता, आणि आई गेल्यावर तो आक्कानं चालवला. सणासुदीला आक्का आली की पहिलं म्हणायची, "गच्चीला कुलूप लावा रे, फोडकी घरात हाय." सगळे हसायचे. मुलं हसायची, पुढं सुना हसायला लागल्या. मीही हसायचो. ते मी लिहितो, कारण ते झालेलं आहे.

ती मला कधी टाकून बोलली नाही. वर्षा-दोन वर्षांनी, मी पान लावत बसलेलो असताना किंवा ती वाल निवडत असताना, मान वर न करता विचारायची, "सवड झाली का?" मी म्हणायचो, "सांगू." बाबा गेले, त्यांना सांगायचं राहिलं. आई गेली. राहिली आक्का. आता लोकांकडं बोअरिंग मारतात, विहीर कुणी फोडत नाही, मुलगा कंपनीत शिफ्ट करतो, अकीक मी डोंगर फोडणाऱ्या खडीवाल्यांकडून घेतो आणि नात त्याचे फोटो फोनवर टाकते. कितीतरी सवड होती मला. पावसाळेच्या पावसाळे सवड होती.

त्या सकाळी मी उठलो, चहा झाला नव्हता म्हणून तिला हाक मारली. पुढचं सगळ्यांच्या घरी होतं तसं झालं. मुलगा रात्रपाळीहून परस्पर धावत आला. कासूहून तिचे भाऊ आले. नऊच्या सुमाराला हमरापूरची गाडी आली, आक्काला दोघांनी धरून उतरवलं, तिच्या बोटांना गणपतीचा रंग तसाच होता. ती द्वारकेच्या डोक्याशी बसली आणि तिच्या तोंडावरून हात फिरवत मोठ्यानं म्हणाली, "फोडके, माझे फोडके गो, आता मी कुणाला बोलू?"

मी म्हटलं, "आक्का, तिनं नाय फोडला."

ओटीवर माणसं दाटलेली होती. कुणाला काही कळलं नाही. आक्का म्हणाली, "काय?"

"बाबांचा गोटा. पाणी मी लावलेलं. तिला दाखवायला. ती भट्टी लावू नको म्हणत होती."

आक्का माझ्याकडं बघत राहिली. तिला कमी ऐकू येतं, पण ते ऐकू आलं. "आणि ही मी म्हणाली?"

"व्हय."

"आणि तू ऐकून घेतलंस? इतकी वर्षं? मला बोलू दिलंस?" तिनं मला शिवी दिली, ती इथं लिहीत नाही. मग द्वारकेकडं वळली आणि तिला काहीतरी सांगायला लागली, कानाशी, हळू. ते मला ऐकू आलं नाही. ते माझ्यासाठी नव्हतंच.

मी उठून चाकापाशी गेलो. वाटीतला तुकडा रात्रभर पाण्यात होता. अर्धा घासलेला, अर्धा तसाच, आणि ओला म्हणून सगळाच लखलखत होता. काडीवरून सोडवला, पंच्यानं पुसला आणि जिना चढून गच्चीवर गेलो. आईनं घातलेला नियम मोडेल असं आता कुणी नव्हतं. कठड्यावर, जिथं द्वारका पापड घालायची तिथं ऊन आलं होतं, तिथं ठेवला. खालून मुलगा हाक मारत होता, "बाबा, या ना, सगळे खोळंबलेत." मी म्हटलं, "आलो." पाण्याच्या टाकीची सावली तुकड्यावर सरकत होती. मी तो उचलून हातभर पुढं ठेवला, आठ दिवस ऊन मिळेल असा, आणि मग खाली उतरलो.